एकतीस माठ, चार फुटके

मोंढ्याजवळच्या चौकात जो फ्लेक्स लागला होता, त्यावर भानुदासअण्णांचा फोटो सगळ्यात लहान होता. सगळ्यात मोठा फोटो एका पुढाऱ्याचा. हल्ला झाला त्या दिवशी हे गृहस्थ इथे जालन्यातच कुणाच्या तरी बारशाला जेवत होते. त्यांच्या खाली हात जोडून उभे आमचे देवकर, म्हणजे बियाणे कंपनीचे विक्री अधिकारी. मग डीलर लोकांचे गोल गोल चेहरे, त्यातच एक माझा. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मृत्यूच्या दाढेतून परतलेल्या जालन्याच्या वाघांचे हार्दिक स्वागत'. अण्णा खालच्या कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्याच्या मोबाइल नंबरला खेटून. गोळीबार चालू असताना त्या किल्ल्याच्या आत असलेला वाघ मात्र तेवढा एकच होता. तो फ्लेक्स आठवला की मला आजही किळस येते, आणि त्यात माझा चेहरा बऱ्यापैकी मोठा होता हे आठवलं की जास्तच येते.

भानुदास साबळे हे अण्णांचं पूर्ण नाव. भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यातले. आठवडाभर जालन्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने गावाकडे जायचे. एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटच्या प्रयोगशाळेत ते उगवण मोजायचे. बियाण्याची पिशवी बाजारात जाण्याआधी त्या मालातल्या चारशे बिया ओल्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवतात. ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडायची आणि मोजायचं: चांगलं रोप, वेडंवाकडं रोप, कडक राहिलेलं बी, मेलेलं बी. मी कृषी पदवीधर, कागदावर त्यांचा साहेब. ते दहावी पास. पण चिमटा कसा धरायचा इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं.

अंगाने काटक, चष्म्याला मागून दोरी, शर्टाच्या खिशात चिमटा. मोजताना तोंडाने चालूच असायचं, "हाय... हाय... न्हाई... हाय." मधे कुणी बोललं तर चिडायचे नाहीत, पहिल्यापासून मोजायला घ्यायचे. त्यामुळे मधे बोलणाऱ्यालाच लाज वाटायची. 'अंदाजे' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. "साधारण पन्नास पोती असतील," असं हमाल म्हणाला की हे विचारणार, "साधारण म्हंजे किती?" हमाल बिचारा परत गोदामात.

रजिस्टरला छापील रकाने चार होते. अण्णांनी पट्टी घेऊन प्रत्येक पानावर पाचवा आखला होता आणि त्यावर स्वतःच्या बोलीत लिहिलं होतं, 'कळलं न्हाई'. जे रोप ना धड उभं ना धड मेलेलं, ते या रकान्यात. ते परत ओल्या कागदात गुंडाळायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. उभं राहिलं तर चांगल्यात, नाही राहिलं तर मेलेल्यात.

"अन तिसऱ्या दिवशी उभं राह्यलं तर?" मी एकदा विचारलं.

"तिसरा दिवस न्हाई. शेतकरी मातीत टाकून किती दिवस वाट पाहीन?"

एकदा कपाशीच्या एका मालाची उगवण बरोबर एका टक्क्याने कमी भरली. ट्रक दारात उभे, देवकरांचे फोनवर फोन. मॅनेजर साहेब स्वतः खाली आले, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अण्णा, चार रोपांचा तर प्रश्न आहे. त्या तुमच्या 'कळलं न्हाई'मधली चार इकडे घ्या."

"घेतो की. उद्या उभी राह्यली तर घेतो."

"गाड्या आज जायच्यात."

"मंग साहेब, तुम्ही मोजा अन तुम्हीच सही करा. मोजणाऱ्याची सही लागती. म्या मोजलं त्ये लिवलं."

साहेबांनी चिमटा हातात घेतला, जरा वेळ गुंडाळीकडे पाहिलं आणि चिमटा परत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्या चारातली तीनच उभी राहिली. माल परत गोदामात गेला. देवकर तेव्हापासून अण्णांना 'सत्यवादी' म्हणायला लागले, तेही ते समोर नसताना.

घरीदारीही हाच खाक्या. भावकीतल्या एका मुलीसाठी स्थळ आलं, मुलगा अण्णांच्या पाहण्यातला. मुलीचे वडील विचारायला आले, "अण्णा, पोरगं कसं हाय?" अण्णा म्हणाले, "दोनदा पाह्यलं. दोन्ही टायमाला बसलेलं व्हतं. चालतं कसं, कळलं न्हाई." झालं! मुलगा लंगडा आहे अशी हवा गावभर झाली आणि स्थळ मोडलं. मुलगा ठणठणीत होता. ती भावकी पुढे तीन वर्षं अण्णांच्या घरी हळदीकुंकवालाही फिरकली नाही. अण्णांना या गोष्टीचं मनापासून आश्चर्य वाटायचं. "म्या लंगडा म्हनलं का? बिलकुल न्हाई," असं ते मला कितीदा तरी सांगायचे.

कंपनी दर हिवाळ्यात डीलर लोकांना सहलीला नेते. त्या वर्षी शहागडच्या एका डीलरची आई पडली, त्यांची जागा रिकामी झाली आणि ती अण्णांना मिळाली. मी औषधाची पेटी आणि सामान सांभाळायला. अण्णा महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच निघाले होते. सोबत दशम्या, ठेचा आणि नवी चप्पल.

त्या किल्ल्याचं नाव लिहीत नाही. शाळेच्या पुस्तकात तुम्ही त्याचं चित्र पाहिलेलं आहे. राष्ट्रीय वारसा म्हणून दारात दगडी पाटी आहे. आमच्या मंडळींनी त्या पाटीसमोर फोटो काढले, अर्ध्या तासात बाहेर आली आणि शाली घ्यायला गाडी करून बाजारात गेली. "पडकंच तर हाय भाऊ," देवकर म्हणाले. "आपल्याकडं काय पडक्याची कमी हाय?" देवकरांचं पोट बिघडलं होतं म्हणून ते पार्किंगमध्येच थांबले आणि पेटीवाला म्हणून मी त्यांच्यासोबत. अण्णा मात्र आतच राहिले. "तिकीट पुऱ्या किल्ल्याचं काढलंय गजाननराव. अर्धा पाहून कसा येऊ?"

आवाज आला तेव्हा देवकर म्हणाले, "लग्न असंल कुणाचं." मग माणसं पळत आली, त्यातला एक रक्ताने भिजलेला. पुढचे दोन तास मी आणि देवकर कुठे होतो हे आम्ही दोघांनी कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो. पार्किंगच्या संडासात होतो. एकाच संडासात, आतून कडी लावून. देवकर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत रामरक्षा पुटपुटत होते आणि मी नाक दाबून भिंतीला चिकटलो होतो. बाहेर कुणीतरी दार वाजवलं, बाईचा आवाज होता. आम्ही उघडलं नाही.

अण्णा जवानांबरोबर बाहेर आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. परतीच्या रेल्वेत, भुसावळच्या अलीकडे, एकदम बोलायला लागले.

"पाणी पाजणारा म्हातारा व्हता आत, यासीनचाचा. माठांची कोठी त्याच्याकडं. आवाज झाला तवा त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून हालवला, इधर आव, इधर आव म्हणून. लोकं दुसरीकडं पळाले. म्या त्याच्याजवळच व्हतो, मला हाताला धरून आत वढलं. मंग दाराला पाठ लावून बसला, शेवटपोत्तर. एकतीस माठ व्हते. चार फुटके."

"अण्णा, तुम्ही माठ मोजत बसलात?"

"मंग काय करू? न्हाई मोजले असते तर रडाय लागलो असतो. त्यो म्हातारा म्हणला असता, हे काय नवं बाळंतपण."

"अन मारणारे किती होते?"

"दाराच्या फटीतून बूट दिसले, दोन जोड. माणसं किती, कळलं न्हाई." मग म्हणाले, "पायऱ्यावर एक बाई पडली व्हती. हातात पाण्याची बाटली व्हती. झाकण लावायचं राह्यलं व्हतं."

वरच्या बर्थवर देवकर चिवडा खात होते. खाता खाता ऐकत होते.

जालना स्टेशनवर डीजे. होय, डीजे. तिकडे माणसं अजून दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि इकडे आमच्या डोक्यावर गुलाल उधळला जात होता. चॅनलची माणसं माइक घेऊन आली तसे देवकर पुढे सरसावले. अण्णांना शोधायला आपण किल्ल्यात परत गेलो, गोळ्या कानावरून गेल्या, हे त्यांनी आधी सांगितलं. मग माइकवाल्याने विचारलं, "आतलं कुणी सामील होतं असं वाटतं का?" देवकरांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "एक पाणीवाला होता. त्याने रुमाल हलवून इशारा केला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

अण्णा मागे पिशवी धरून उभे होते. डीजेमुळे त्यांना काही ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं. मी गळ्यातल्या हारातली एक पाकळी तोडत उभा राहिलो.

मुलाखतीचा तो तुकडा दोन दिवसांत देशभर फिरला. तिसऱ्या दिवशी अण्णा प्रयोगशाळेत आले ते कुणाचा तरी फोन हातात घेऊन. फोनवर यासीनचाचाला पोलीस घेऊन जात होते. खांद्यावर तोच रुमाल होता.

"माझ्याच तोंडचं उचललं गजाननराव. रुमाल म्या सांगितला व्हता."

ते तडक देवकरांच्या केबिनमध्ये गेले. मी दारात होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "साहेब, तुम्ही आत नव्हता. तेवढं सांगून टाका." देवकर हसले. "अण्णा, देशाचा मामला आहे. त्या माणसाचा तुम्हाला एवढा पुळका का?" अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुळका न्हाई. म्या त्याच्याजवळ व्हतो."

आठवड्याने मंगल कार्यालयात सत्कार झाला. व्यासपीठावर बावीस खुर्च्या, बावीस फेटे. मृतांसाठी दोन मिनिटं मौन जाहीर झालं आणि 'ओम शांती' म्हणून सगळे मोकळे झाले. अण्णा घड्याळाकडे पाहत होते. "बावीस सेकंद," ते माझ्या कानात म्हणाले. मेलेल्यांना माणशी धड दोन सेकंदही आले नाहीत आणि पुढाऱ्याचं भाषण पाऊण तास चाललं. भाषणात पाणीवाला आला, साप आला, अस्तनीतला निखारा आला. टाळ्यांनी पत्रे वाजत होते. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, दोन्ही हातांनी वाजवल्या.

मग अण्णांच्या हातात माइक आला. 'सर्वांचे आभार' म्हणून खाली बसा, असं त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. अण्णांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला.

"रुमाल त्यानं मला दाखवला. इकडं या म्हणून. म्या गेलो, म्हणून जित्ता हाय. देवकर साहेब आत नव्हते. किल्ल्यात आमच्यातला म्या एकटाच व्हतो."

कार्यालयात एवढी शांतता झाली की मागे आचारी कढईत झारा आपटत होता तो ऐकू आला. हे मौन नक्कीच बावीस सेकंदांपेक्षा जास्त टिकलं. मग कुणीतरी मागून शिवी दिली. माइक बंद झाला, डीजे चालू झाला आणि सगळे बुंदी खायला गेले. जेवणाच्या रांगेत अण्णांच्या पुढचे आणि मागचे दोघंही बाजूला झाले. अण्णा ताट घेऊन तसेच उभे राहिले, मग ताट ठेवून चालत खोलीवर गेले.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर अण्णांच्या तोंडाला काळं फासलेलं होतं. एवढ्याशा फोटोला कुणीतरी शिडी लावून काळं फासलं, केवढी ती तळमळ! कंपनीने त्यांना प्रयोगशाळेतून काढून गोदामाच्या दारावर बसवलं. काही डीलरांचा निरोप होता म्हणे, की 'त्या माणसाच्या' सहीचं बियाणं आम्ही विकणार नाही. सव्वीस वर्षं ज्या सहीवर ही मंडळी डोळे झाकून माल उचलायची, ती सही एका दुपारीत बाटली. चहाच्या टपरीवर त्यांच्यासाठी कागदी कप आला, बाकीच्यांना काचेचे ग्लास. अण्णा कागदी कपातला चहा प्यायचे आणि कप मोडून डब्यात टाकायचे. टपरीवाल्याला त्यांनी कधी काही विचारलं नाही. मी त्या टपरीवर काचेच्या ग्लासात चहा पीत होतो.

अण्णा सुट्टी काढून एकटे त्या किल्ल्याच्या गावाला गेले. तिथल्या पोलिसांना त्यांनी जबाब दिला. एकतीस माठ, चार फुटके. पोलिसांनी कोठी उघडून मोजले, बरोबर तेवढेच निघाले. म्हणजे हा माणूस आत होता हे पटलं. पण देवकरांचा जबाबही होता, आणि तेही आत होते असं त्यांचं म्हणणं. ते आत नव्हते हे कोण सांगणार? बाकीची मंडळी बाजारात होती.

अण्णा परत आले ते सरळ माझ्या घरी. बसले नाहीत. पिशवीतून फुलस्केप कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुम्ही अन देवकर साहेब तवा कुठं व्हता, तेवढंच लिवा. दुसरं कायबी न्हाई. म्हातारा सुटंन."

"बघतो अण्णा," मी म्हणालो.

तो संडास लिहायचा होता, दुसरं काय! बायको म्हणाली, आपल्याला याच गावात राहायचंय. पोरीची सोयरीक चालू होती. आणि देवकरांना वास लागलाच. कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसून, माझ्या ताटातला कांदा उचलून खात ते म्हणाले, "गजूभाऊ, आपण दोघं एकाच संडासात होतो, ध्यानात ठेवा." त्यांच्या तोंडाला कांद्याचा आणि अत्तराचा वास येत होता. मी मान डोलावली. कागद कपाटात, पोरीच्या पत्रिकेखाली गेला.

अण्णा या उन्हाळ्यात गेले, गावाकडे, बसल्या जागी. त्याआधी दोन महिने मी त्यांना शेवटचं पाहिलं. बियाण्याचे प्लॉट पाहून मी भोकरदनला आलो होतो. बसस्टँडवर ते बाकड्यावर बसले होते, मांडीवर पिशवी, पायात चप्पल नवी. परत किल्ल्याच्या गावालाच निघाले होते, तिसऱ्यांदा. मला पाहून सरकले आणि जागा केली. मी उभाच राहिलो.

"सुटला का हो तो म्हातारा?"

"न्हाई. भेटू देत्यात, जाळीतून. पाय सुजलेत त्याचे. मला म्हणतो, माठ कोण भरून राह्यलं आता? उन्हाळा आलाय."

मला दुसरंच विचारायचं होतं. विचारलं. "अण्णा, तिथं माझं नाव सांगितलं का तुम्ही?"

"तिथल्या पोलीस साहेबांनी विचारलं, भाहेर कोणी पाह्यलं का देवकरला? म्या म्हनलं, एक माणूस हाय. त्यो सांगन का, म्हनले." अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्या म्हनलं, कळलं न्हाई."

बस लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. रजिस्टर भरताना असायचा तसाच आवाज होता. राग असता तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोललो असतो. बस सिल्लोडच्या रस्त्याला वळेपर्यंत ते सरळ समोर पाहत होते.

दोन महिने त्या पाचव्या रकान्यात माझी तपासणी चालू होती आणि मला ठाऊक होतं. मग त्यांच्या पुतण्याचा फोन आला, अण्णा गेले म्हणून.

पोरीचं लग्न झालं. देवकरांना बढती मिळाली. यासीनचाचा अजून आतच आहे. काल पत्रिकेखालून तो कागद काढला. कोपरे पिवळे पडलेत. त्यावर लिहिलं: 'गोळीबार झाला तेव्हा मी आणि देवकर किल्ल्याच्या बाहेर, पार्किंगच्या संडासात होतो. आम्ही आत गेलो नाही. रुमाल हलवलेला आम्ही कोणीही पाहिला नाही.' तीन ओळी, पाच मिनिटंही लागली नाहीत. खाली तारीख घातली.

सही अजून केलेली नाही.